पेठेतली माणसे पेठेतच राहावीत म्हणून: जुन्या घरांच्या जागी नवी घरे कशी योजावीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका अरुंद गल्लीत पाच जुनी घरे एकमेकांना लागून आहेत. मालक आणि जुने भाडेकरू मिळून त्यांत चौदा कुटुंबे राहतात आणि गल्लीच्या बाजूला पाच लहान दुकाने व कामाच्या खोल्या आहेत. दोन घरांना धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. एका विकसकाने पाचही जागा एकत्र करून उंच इमारत बांधण्याचा प्रस्ताव दिला आहे. अशा ठिकाणी, तिथे राहणाऱ्या माणसांचा विचार आधी करून घरे बांधता येतात का, आणि येत असतील तर सुरुवात कुठून करावी, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

वास्तुविशारद म्हणून या शहराच्या पेठांत दीर्घकाळ काम केल्यावर मी खात्रीने सांगतो की अशी घरे बांधता येतात. पुनर्विकासाचा कोणताही नकाशा माझ्यासमोर आला की मी आधी एकच गोष्ट तपासतो: आज इथे राहणारी आणि इथेच पोट भरणारी किती माणसे काम पूर्ण झाल्यावर याच पत्त्यावर असतील? हा आकडा ज्या आराखड्यात लिहिलेला नसतो, त्यात तो बहुतेक वेळा कमी असतो. चटईक्षेत्र, मजले, दर्शनी भाग, पार्किंग या सगळ्यांचे निर्णय या एका आकड्याला बांधून घ्यावेत असे माझे मत आहे, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच मताचा विस्तार आहे.

पेठेतले घर हे निव्वळ राहण्याचे घर क्वचितच असते. दर्शनी सोप्यात शिलाई, पिठाची गिरणी किंवा सायकल दुरुस्ती चालते, माडीवर मुलगा आणि सून राहतात, मागच्या परड्यात धुणे, तुळस आणि काही घरांत आजही म्हशी असतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर काढलेले धारोष्ण दूध मिळते, ते शहराच्या मध्यभागी अजून गोठे टिकून आहेत म्हणूनच. सराफांच्या गुजरीत दुकानाच्या वरच्या मजल्यावर दागिने घडतात, कुंभार गल्ल्यांत गणेशोत्सवाच्या आधीचे काही महिने राहत्या घराचा अर्धा भाग मूर्तींनी व्यापलेला असतो, चप्पल करणाऱ्याला कातडे वाळवायला उन्हाची मोकळी जागा लागते. ही कामे कमी भाड्याच्या, रस्त्याला लागून असलेल्या आणि घराला चिकटलेल्या जागेवर उभी आहेत. चौदा कुटुंबांना प्रत्येकी एक सदनिका दिली पण त्यांच्या कामाची जागा काढून घेतली, तर त्यातील निम्मी कुटुंबे काही वर्षांत सदनिका विकून उपनगरात जातात, आणि कागदावर शंभर टक्के पुनर्वसन झालेले दिसते.

यावरून नकाशाच्या आधी करावयाचे काम ठरते. पाचही घरांची मोजणी करताना भिंतींबरोबर वापराचीही नोंद करावी: कोणत्या खोलीत कोण राहते, किती वर्षांपासून, कोणत्या वेळी काय चालते, पाणी कुठून भरले जाते, वयस्कर माणसे दिवसभर कुठे बसतात, मुले कुठे खेळतात, कोणाचे उत्पन्न कोणत्या खोलीशी जोडलेले आहे. ही नोंद घरातील पुरुषांशी बोलून पूर्ण होत नाही. दुपारी, स्वयंपाक आटोपल्यावर, घरातील स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे. मोरी कुठे असावी, धान्य आणि पापड कुठे वाळतात, रात्री गल्लीत कुठे अंधार असतो, हे त्यांना नेमके माहीत असते. मी या टप्प्याला घाई करू देत नाही, कारण पुढे होणारे बहुतेक वाद याच नोंदीने आधीच मिटतात.

दुसरा निर्णय एककाचा, म्हणजे एका वेळी किती घरे एकत्र घ्यायची याचा. एकेक घर सुटे पाडून बांधले तर वीस फूट रुंदीच्या जागेवर जिना, लिफ्ट आणि बाजूची मोकळी जागा सोडल्यावर राहण्याजोगे फार थोडे उरते, आणि शेजारचे घर काळोखात जाते. संपूर्ण पेठेचा एकत्र आराखडा करायला घेतला तर तो शेकडो मालकांच्या संमतीत अडकतो. चार ते आठ लागून असलेल्या घरांचा गट, म्हणजे गल्लीचा एक तुकडा, हे पेठेतील कामाचे योग्य माप आहे. एवढ्या गटातील माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, त्यांची बैठक एखाद्या तालमीच्या खोलीत होऊ शकते, आणि चौकांची, जिन्यांची व पाण्याच्या टाकीची वाटणी त्यांना शक्य असते. आपल्याकडे पाच घरे आधीच एका ओळीत आहेत, म्हणजे माप जुळलेले आहे.

महाराष्ट्रातच याचे एक चांगले उदाहरण आहे. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये, शहरी गरिबांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून, प्रसन्न देसाई यांच्या आराखड्यानुसार घरे होती तिथेच बांधली गेली. प्रत्येक कुटुंबाला सुमारे २७० चौरस फुटांचे घर मिळाले. कुठे एका कुटुंबाचे दोन मजल्यांचे घर झाले, तर कुठे शेजारी कुटुंबांनी एकत्र येऊन अधिक मजल्यांचे बांधले. पक्की घरे होती तशी ठेवली आणि गल्ल्यांची वळणे फारशी बदलली नाहीत. तिथली वस्ती आणि आपली पेठ यांची मालकीहक्काची स्थिती अगदी वेगळी आहे, तरीही जागेवरच, लहान गटांत आणि रहिवाशांशी बसून आराखडा करता येतो, हे तिथे सिद्ध झाले आहे. इटलीतील बोलोन्या शहराने १९७० च्या दशकात जुन्या गावभागासाठी याच दिशेचा निर्णय घेतला होता: सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेर नव्या वसाहती उभारण्याऐवजी मध्यवर्ती जुनी घरे दुरुस्त करण्यासाठी वापरला आणि तिथले रहिवासी तिथेच ठेवण्याची अट घातली.

आता प्रत्यक्ष रचना. माझ्या मते पेठेतील इमारतीचे भवितव्य तळमजल्यावर ठरते. आजकालचा सर्रास नमुना म्हणजे तळमजल्यावर खांब उभे करून पूर्ण जागा वाहनांना देणे आणि घरे पहिल्या मजल्यापासून सुरू करणे. गल्लीच्या बाजूला मग लोखंडी फाटक, वाहनांच्या रांगा आणि अंधारी पोकळी उरते. दुकाने गेली की संध्याकाळचा उजेड जातो, कट्टा गेला की वयस्कर माणसे घरात अडकतात, आणि ज्या गल्लीत कोणी बसलेले नाही तिथून मुलीला एकटे पाठवताना आई विचार करते. म्हणून दर्शनी भागाची किमान दोन तृतीयांश लांबी दुकाने, कामाच्या खोल्या, ओसरी आणि जिन्याचे दार यांना द्यावी, आणि वाहनांना जाण्यासाठी पाचही जागांना मिळून एकच प्रवेश ठेवावा. दुकानाची रुंदी आठ ते दहा फूट पुरते. आतली लांबी मात्र जास्त ठेवावी आणि मागे मोरी व वर पोटमाळा असावा, म्हणजे लहान व्यावसायिकाला ते परवडते आणि मोठ्या शोरूमला ते सोयीचे राहत नाही.

पार्किंगचा मुद्दा टाळून चालणार नाही. दाट वस्तीत नियमांनी काही सवलती दिल्या आहेत, आणि पेठेतील बहुतेक कुटुंबांची गरज दुचाकीची असते. दुचाकीला सहा-सात फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा लागते. तीस दुचाकी मागील बाजूच्या एका पट्ट्यात बसतात. चारचाकीची गरज दोन-चार कुटुंबांना असेल तर ती जागा त्यांनी वेगळे मोल देऊन घ्यावी. चौदाही कुटुंबांच्या खर्चातून सर्वांसाठी चारचाकीची जागा बांधणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्याच्याकडे गाडी नाही तोही तिचे पैसे भरतो आणि बदल्यात त्याचे दुकान जाते.

चौकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच जुन्या घरांचे शहाणपण सर्वात उपयोगी पडते. पेठेतील जागा दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोल असते. आपल्या जागा साधारण वीस फूट रुंद आणि ऐंशी फूट खोल आहेत असे प्रश्नातील वर्णनावरून दिसते. इतक्या खोल घराला पुढून आणि मागून येणारा उजेड मधल्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही. जुन्या वाड्यात मधला चौक हे काम करीत असे. आज प्रत्येक मालक नियमापुरती चिंचोळी पोकळी सोडतो, तिच्यात सांडपाण्याचे नळ उतरवतो आणि तिच्याकडे उघडणाऱ्या खिडक्या कायमच्या बंद राहतात. पाच जागा एकत्र आल्याचा सर्वात मोठा लाभ असा की शेजारच्या दोन चौकांमधली भिंत काढून त्यांचा एक चौक करता येतो. आठ फुटांच्या दोन पोकळ्यांपेक्षा सोळा फुटांचा एक चौक कितीतरी अधिक उजेड आणि वारा देतो, त्यात जिना उघडा ठेवता येतो, आणि शेजारणींचे बोलणे मजल्यामजल्यांवरून चालू राहते. पाच घरांसाठी असे दोन मोठे चौक पुरेत. मात्र चौक सामाईक आहे, त्यावर कोणीही छप्पर घालणार नाही, खोली वाढवणार नाही आणि त्यातून सांडपाण्याचे नळ उघडे नेणार नाही, हे नोंदणीकृत करारात लिहून घ्यावे. तोंडी समजुतीवर सोडलेला चौक पहिल्याच लग्नकार्यानंतर पत्र्याखाली जातो.

चौकाच्या दोन्ही अंगांना घरे ठेवावीत आणि प्रत्येक घराला समोरासमोरच्या किमान दोन बाजूंनी हवा मिळावी. पावसाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून पाऊस घेऊन येतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांवर खोल छज्जे हवेत. दीड फुटाचा छज्जा दिसायला बरा असला तरी आपल्या पावसाला तो पुरत नाही. घरे सर्वांना सारख्याच मापाची देण्याचा आग्रह मी धरत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींना तळमजल्यावरची तीनशे चौरस फुटांची खोली सोयीची असते, आणि दोन भावांच्या एकत्र कुटुंबाला दोन लागून असलेली घरे मध्ये दार ठेवून दिली तर पुढे वाटणी झाली तरी मोडतोड करावी लागत नाही. या दाराची जागा भिंतीत आधीच ठेवावी, वर लिंटेल टाकून. त्याचा खर्च नगण्य असतो. खांब आणि तुळया यांची मांडणीही अशी असावी की आतल्या भिंतींवर भार येणार नाही, म्हणजे पुढच्या पिढीला खोल्या बदलता येतील.

उंचीचा निर्णय आकडे मांडल्याशिवाय घेऊ नये. समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. दर गृहीत धरलेले आहेत, आपण बांधकाम अभियंत्याकडून चालू दर घेऊन तो पुन्हा करावा. पाच जागांचे एकत्रित क्षेत्र ८,००० चौरस फूट. चौदा कुटुंबांना सरासरी ५०० चौरस फूट चटई (भिंतींच्या आतील वापराची जागा) आणि पाच दुकानांना प्रत्येकी २०० चौरस फूट धरले तर ८,००० चौरस फूट चटई, म्हणजे भिंती, जिने व वाटा धरून साधारण १०,००० चौरस फूट बांधकाम होते. एकूण बांधकाम १४,००० चौरस फूट केले तर ४,००० चौरस फूट विक्रीला उरते. बांधकामाचा दर २,२०० रुपये धरला तर ३ कोटी ८ लाख, आणि शुल्क, अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम), व्यावसायिकांची फी व तात्पुरत्या घरांची भाडी यांसाठी ५२ लाख धरून एकूण खर्च ३ कोटी ६० लाख होतो. विक्रीचा दर ६,५०० रुपये मिळाला तर २ कोटी ६० लाख परत येतात. तूट १ कोटीची, म्हणजे प्रत्येक कुटुंबामागे सुमारे ७ लाखांची. पंधरा वर्षांच्या मुदतीने ९ टक्क्यांनी कर्ज घेतले तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपयांचा हप्ता बसतो.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. १४,००० चौरस फूट बांधकाम तळमजला आणि वर तीन मजले यांत सहज बसते आणि तरीही निम्म्याहून अधिक जागा चौक, वाट आणि मागील अंगण यांना मोकळी राहते. म्हणजे पुनर्वसनासाठी उंच इमारतीची गरज नाही. गल्लीकडील भाग तळमजला अधिक दोन ठेवून मागील भाग एक मजला उंच केला तर समोरच्या घरांचे ऊनही जात नाही. दुसरी गोष्ट ही की घर अगदी फुकट मिळणार असेल तर ती तूट कोणीतरी वेगळ्या रूपाने वसूल करतो, आणि तो बहुतेक वेळा मजले वाढवून व दर्शनी दुकाने स्वतःकडे ठेवून ती वसूल करतो. ज्या कुटुंबांना हप्ता झेपत नाही त्यांच्यासाठी गटाने आधीच मार्ग ठरवावा: विक्रीचा थोडा अधिक भाग, दुकानाच्या भाड्यातून फेड, किंवा लहान घर. भाडेकरूंपैकी ज्यांना मालकी हवी त्यांनी तुटीतला वाटा उचलावा, आणि ज्यांना भाडेकरूच राहायचे आहे त्यांना तेवढ्याच क्षेत्रात भाडेकरू म्हणून राहता यावे.

प्रस्तावाबाबत विकसकाला एक प्रश्न लेखी विचारावा: आपण चटईक्षेत्र निर्देशांक (जागेच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) कोणत्या रस्त्याच्या रुंदीवर काढला आहे? डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या भागातही मिळणारे बांधकाम रस्त्याच्या रुंदीनुसार बदलते, आणि अरुंद गल्लीवर अधिमूल्य भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरणीय बांधकाम हक्क) आणून क्षेत्र वाढवण्यास फारसा वाव नसतो. उंच इमारतीचा हिशेब बहुतेक वेळा गल्ली रुंद होईल असे धरून केलेला असतो. रुंदीकरणात आपल्या दर्शनी जागेचा पट्टा जाणार असेल आणि समोरच्या घरांचाही जाणार असेल, तर त्या घरांतील माणसांना अद्याप कोणी विचारलेलेही नसते. अग्निशामक गाडीला पोहोचण्याइतकी वाट मात्र हवीच. त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी कोपरे तासणे आणि आतील एक जागा वळण्यासाठी मोकळी ठेवणे, हा संपूर्ण गल्ली रुंद करण्यापेक्षा कमी नुकसानीचा उपाय आहे.

शिवाजी पेठेचा बराचसा भाग उंचावर असल्याने आपल्याला पुराची चिंता कमी आहे, पण हेच उत्तर शुक्रवार पेठ, गंगावेस, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील वाचकही वाचतील म्हणून थोडे लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. निळ्या (नदीजवळच्या) आणि लाल (त्यापलीकडच्या, मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या मधल्या भागात बांधकामाला अटी आहेत आणि जोते लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावे लागते. अशा गल्लीत तळमजल्यावर खांब ठेवणे समर्थनीय ठरते, पण तो तळमजला पार्किंगला देऊन टाकू नये; कोरड्या महिन्यांत तिथे मूर्तींचे काम, मंडळाचे कार्यक्रम आणि बसण्याचे कट्टे असावेत आणि सामान वर नेण्यासाठी रुंद जिना असावा. विजेचे मीटर पहिल्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीचे तोंड पुराच्या खुणेच्या वर, आणि मलवाहिनीतून पाणी उलटे येऊ नये म्हणून झडप. पुराच्या पातळीपर्यंतच्या भिंतींना काळा दगड आणि चुन्याचा गिलावा चांगला, कारण पाणी ओसरल्यावर तो सुकतो. जिप्समचा गिलावा आणि प्लायवूड तिथे वापरूच नयेत. एकाच घराने भराव टाकून जोते उंच केले की पाणी शेजाऱ्याकडे वळते, म्हणून पूरभागात तर गटाने एकत्र बांधणे आणखी आवश्यक आहे. गच्च्या एकमेकींना जोडलेल्या ठेवाव्यात. बोट येईपर्यंत वृद्ध आणि लहान मुले त्यांवरून सुरक्षित टोकाला नेता येतात.

कायद्याच्या बाजूने तीन मुद्दे आधी उरकावेत. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, अनेकदा अजून आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव असते. वारसनोंद करताना २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे हे लक्षात ठेवून लग्न होऊन गेलेल्या बहिणींना पहिल्या बैठकीपासून बोलवावे. हक्कसोडपत्रावर शेवटच्या दिवशी सही मागणे अन्यायाचे आहे, आणि त्यावरून काम वर्षानुवर्षे थांबते ते वेगळेच. भाडेकरूंच्या बाबतीत, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पुनर्बांधणीनंतर त्यांना जागा देण्याच्या अटी आहेत, आणि धोकादायक म्हणून महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. नोटिसा आलेल्या दोन घरांतील भाडेकरूंना हे सांगावे. भीतीपोटी खोली सोडून जाणारे कुटुंब पुन्हा मिळवणे अवघड असते. तिसरा मुद्दा रेराचा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर संपदा कायद्याचा. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला नोंदणीतून सूट आहे. सुटे बांधलेले पेठेतील घर त्यामुळे या संरक्षणाबाहेर राहते. आपल्या पाच जागा मिळून सुमारे ७४३ चौरस मीटर होतात आणि विक्रीची घरे धरून सदनिका आठपेक्षा अधिक असतील, म्हणजे विक्री करावयाची असल्यास नोंदणी करावी लागेल, आणि ते आपल्या हिताचेच आहे.

नोटिशींविषयी आणखी थोडे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहेच, पण तपासणीचा अहवाल म्हणजे लगेच पाडण्याचा आदेश असे समजू नये. अतिधोकादायक, रिकामी करून दुरुस्ती करण्याजोगी आणि राहत असताना दुरुस्त करता येण्याजोगी अशा वेगवेगळ्या श्रेणी असतात. काळ्या दगडाचे जोते आणि सागवानी खांब पुष्कळदा उत्तम असतात. कुजलेले असते ते छप्पर, तुळईचे भिंतीतले टोक आणि पाणी मुरलेली मातीची भिंत. पाचपैकी एखादे घर दुरुस्त होऊन टिकत असेल तर ते तसेच ठेवावे आणि नवी बांधणी त्याच्या चौकाला जोडून घ्यावी. जुने सर्वच जपावे असा माझा हट्ट नाही. ओलीने फुगलेल्या भिंतीखाली कोणालाही झोपवू नये. पण जे लाकूड आणखी साठ वर्षे टिकेल ते जुन्या बाजारात विकून त्या जागी काँक्रीट ओतणे मला पटत नाही.

बांधकामाचा क्रम माणसांच्या सोयीने लावता येतो. पाचही घरे एकदम पाडली तर चौदा कुटुंबे शहरभर विखुरतात, मुलांच्या शाळा बदलतात, दुकानाचे गिऱ्हाईक तुटते, आणि काम रखडले तर परतण्याचा मार्ग उरत नाही. धोकादायक ठरलेली दोन घरे आधी घ्यावीत. त्यातील कुटुंबांसाठी त्याच पेठेत, चालण्याच्या अंतरावर, भाड्याची घरे शोधावीत. पहिला टप्पा पूर्ण झाला की त्यात उरलेल्या तीन घरांतील कुटुंबांना काही काळ सामावून घेता येते. बोलोन्यातही आधी दुरुस्त झालेली काही घरे याच कामासाठी राखून ठेवली होती. दुकानांसाठी गल्लीच्या तोंडाशी तात्पुरते गाळे महापालिकेच्या परवानगीने मिळतात का ते पाहावे, निदान गणपती ते दिवाळी हा काळ तरी त्यांच्या हातून जाऊ नये.

सामाईक भिंतींची मात्र विशेष काळजी घ्यावी लागते. जुन्या मातीच्या भिंतीलगत नव्या पायासाठी खोल खणणे आणि त्यात पावसाचे पाणी साचू देणे हे पेठांतील पडझडीचे नेहमीचे कारण आहे. पाया खणण्याचे काम दसऱ्यानंतर सुरू करून जोत्यापर्यंतचे बांधकाम मेअखेर संपवावे. शेजारच्या भिंतीला आधी टेकू द्यावेत, सलग चर न खणता तुकड्यातुकड्यांनी खणावे, आणि काम सुरू होण्यापूर्वी शेजारच्या घरातील प्रत्येक भेगेचे तारखेसह छायाचित्र दोन्ही पक्षांच्या सहीने ठेवावे. परसातला जुना आड बुजवू नये. त्याच्यावर जाळी बसवून गच्चीचे पाणी गाळून त्यात सोडले तर उन्हाळ्यात वापराच्या पाण्याची सोय होते.

शेवटी व्यवस्थापन. इमारत पूर्ण होताच पाच मालकांची आणि नव्या सदनिकाधारकांची सहकारी संस्था नोंदवावी आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे कायदेशीर हस्तांतर) तिच्या नावे करून घ्यावे. हे राहून गेल्यामुळे अडकलेल्या इमारती आपल्या शहरात पुष्कळ आहेत. दुकानांपैकी एक गाळा संस्थेच्या मालकीचा ठेवावा आणि त्याचे भाडे लिफ्ट, गच्चीचे जलरोधन आणि चौकाची रंगरंगोटी यांसाठी वेगळ्या खात्यात जमा करावे. आपल्या बाबतीत पहिले पाऊल मात्र याहून साधे आहे. विकसकाला उत्तर देण्याआधी पाचही घरांच्या मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून काढाव्यात, चौदा कुटुंबांची वापराची नोंद पूर्ण करावी, आणि नोटीस आलेल्या दोन घरांची स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. ही तीन कागदपत्रे हातात असतील तर विकसकाशी बोलणी करायची की स्वतःच बांधायचे, हे गटाला एकाच बैठकीत ठरवता येईल.